ट्रॉम्सो: पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे अजिबात नाही

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)



मागच्या महिन्यात मी ट्रॉम्सोच्या आकाशातल्या हिरव्या उजेडाचा एक फोटो टाकला होता. त्यावर ढीगभर मेसेज आले. "फोटो कोणत्या फोनने काढलास" असं विचारणारे फक्त दोघं. बाकी सगळ्यांचा प्रश्न एकच, "ताई, खर्च किती आला?" म्हणून आजचा अख्खा भाग पैशांवर.

तर आधी आकडा सांगून टाकते, मग तुम्ही ऐकायचं की पुढे सरकवायचं ते ठरवा. मी आणि माझी मैत्रीण, दोघी, पाच रात्री, फेब्रुवारीच्या शेवटी. पुण्यातल्या घरातून निघून घरात परत येईपर्यंत माणशी साधारण एक लाख पासष्ट हजार रुपये. त्यातले ७८ हजार विमानाचे. १४ हजार व्हिसा आणि विमा. राहणं २९, दोन नॉर्दर्न लाइट्सच्या टूर मिळून २५, जेवण फक्त ७, बस आणि किरकोळ ४, कपडे आणि बुटांचं सामान ८.

हे स्वस्त नाही. उगाच "बजेट ट्रिप" वगैरे म्हणणार नाही मी. मैत्रिणीने यासाठी दोन वर्षं आरडी भरली होती. पण एका टूरवाल्याने आम्हाला याच दिवसांचे तीन लाखांच्या पुढे सांगितले होते, ते ऐकून आई म्हणाली होती, "अगं, एवढे पैसे घालून अंधार बघायला कशाला जायचं?" त्यामुळे एक पासष्टमध्ये जाऊन आलो याचं समाधान आहे. आणि त्यातलेही दहा-अकरा हजार आम्ही सरळ पाण्यात घातले. बर्फात म्हणा. ते कसे, तेही सांगते.

ट्रॉम्सो म्हणजे नक्की कुठे

ट्रॉम्सो हे नॉर्वेच्या उत्तरेतलं शहर, आर्क्टिक वृत्ताच्याही वर साधारण साडेतीनशे किलोमीटर. एका बेटावर वसलंय. रेल्वे तिथपर्यंत जात नाही, विमान किंवा बस किंवा जहाज. एवढ्या उत्तरेला असूनही समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे शहरात थंडी बरी असते. ऐन हिवाळ्यातही सरासरी उणे चारच्या आसपास. लडाखमध्ये थंडीत जाऊन आलेल्यांना हसू येईल.

२७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी तिथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. म्हणजे चोवीस तास मिट्ट काळोख असं मात्र नाही हं. दुपारी काही तास निळसर, संध्याकाळसारखा उजेड असतो.

चलन क्रोनर. भाव हलत असतो, मी हिशेबाला नऊ धरते. वर गेला तरी झटका बसत नाही.

महाग म्हणजे नेमकं काय महाग

ही गोष्ट मला तिसऱ्या दिवशी कळली आणि ती आधी कळली असती तर बरेच पैसे वाचले असते.

आपण म्हणतो "नॉर्वे महाग आहे". पण तिथे सगळंच सारखं महाग नाही. तिथे माणसाचा वेळ महाग आहे. हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये काम करणाऱ्याला तासाला कमीत कमी २०० क्रोनरच्या आसपास द्यावे लागतात, तसं ठरलेलंच आहे. म्हणजे आपले अठराशे रुपये तासाला. आता तुमच्यासाठी कुणी बर्गर बनवला, आणून दिला, टेबल पुसलं, ताट विसळलं, तर त्या सगळ्यांचा वेळ बिलात येणारच. बर्गर अडीचशे क्रोनर. म्हणजे सव्वादोन हजार रुपये. कॉफी पन्नास क्रोनर.

पण त्याच चौकातल्या सुपरमार्केटमध्ये ब्रेडची लादी तीसच्या आसपास मिळते. दूध लिटरला पंचवीसच्या आत-बाहेर. बारा अंडी पन्नासच्या आत. पुण्यापेक्षा महागच, पण दसपटीने नाही.

आपल्याकडे बरोबर उलटं असतं ना? आपल्याकडे वस्तू महाग वाटते आणि माणूस स्वस्त. दहा मिनिटांत कुणीतरी दारात कोथिंबीर आणून देतो आणि आपण त्याचे पंधरा रुपये लावले म्हणून कुरकुरतो. ती सवय घेऊन आपण तिथे उतरतो. टॅक्सी बोलावतो, बाहेर जेवतो, प्रत्येक गोष्टीची टूर घेतो. आणि मग म्हणतो लुटलं.

म्हणून माझा नियम साधा आहे. जे काम स्वतःच्या हातापायांनी होतं ते स्वतः करायचं. आणि जिथे तिथल्या माणसाला खरोखर काहीतरी माहीत आहे जे आपल्याला माहीत नाही, तिथे पैसे द्यायचे. निमूटपणे द्यायचे.

जेवण: सात हजारांत पाच दिवस

आम्ही राहण्यासाठी हॉटेल न घेता स्वयंपाकघर असलेली जागा घेतली. एका मोठ्या घरातली एक खोली, किचन बाकीच्या पाहुण्यांबरोबर सामायिक. रात्रीचे दोघींत १३०० क्रोनर. त्याच आठवड्यात हॉटेलच्या खोल्या दोन हजार क्रोनरच्या वर होत्या. पण खरी बचत खोलीत नाही झाली, किचनमध्ये झाली.

पुण्याहून नेलं काय? जाडे पोहे, भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला, चहा पावडर. एक सांगते, दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून नॉर्वेत न्यायला परवानगी नाही. त्यामुळे तूप, पेढे, पनीर असलं काही घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्याही नको. कोरडं सामान बिनधास्त.

तिथे किवी, रेमा १०००, एक्स्ट्रा ही सुपरमार्केटची नावं लक्षात ठेवा. किवीमध्ये फर्स्ट प्राइस नावाचा ब्रँड असतो, अगदी साधं पाकीट, पण सगळ्यात स्वस्त. तांदूळ, पास्ता, टोमॅटोचे डबे, गोठवलेल्या भाज्या त्यात घेतल्या. बटाट्याचे काप करून पोहे, दुसऱ्या दिवशी भाजणीचं थालीपीठ. किचनमध्ये एक इटालियन मुलगा होता, तो वास घेत घेत आला आणि अर्धं थालीपीठ खाऊन गेला. त्या बदल्यात त्याने पास्ता दिला. असो.

दुपारचं जेवण मात्र आम्ही नॉर्वेजियन लोकांसारखं केलं. ते लोक 'मातपाके' नेतात. म्हणजे डबाच हो! ब्रेडच्या चकत्या, वर चीज, मध्ये कागद, गुंडाळून खिशात. डोंगरावर जाणारा असो की बँकेत काम करणारा, बहुतेकांकडे हाच. तिथला तपकिरी, थोडा गोड चीज असतो ना, ब्रुनोस्त, तो पहिल्या घासाला विचित्र लागतो. मला दुसऱ्या दिवसापासून आवडायला लागला, मैत्रिणीला शेवटपर्यंत नाही. सोबत थर्मासमध्ये चहा. थर्मास इथूनच न्या.

पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम आहे. कोल्ड्रिंक घेतलंत तर रिकामी बाटली फेकू नका. प्रत्येक बाटलीवर दोन किंवा तीन क्रोनर अनामत असते, त्याला 'पांत' म्हणतात. सुपरमार्केटमध्येच एक मशीन असतं, त्यात बाटली टाकली की पावती येते, ती काउंटरवर दाखवायची. आमच्या घरातल्या पाहुण्यांनी टाकलेल्या बाटल्या मैत्रिणीने पाच दिवस जमवल्या आणि शेवटच्या दिवशी त्यात दोघींचे बन आले. मला आधी लाज वाटत होती. बन खाल्ला तेव्हा नाही वाटली.

आता आमची चूक. आम्ही पोचलो शनिवारी रात्री अकराला. रविवारी सकाळी उठून किवीला गेलो, तर दार बंद. नॉर्वेत रविवारी मोठी सुपरमार्केट्स बंद असतात! छोटी दुकानं उघडी असतात काही, पण महाग. पोह्यांना कांदा-बटाटा नाही, चहाला दूध नाही. शेवटी कॅफेत गेलो आणि दोघींच्या एका जेवणाचे साडेपाचशे क्रोनर गेले. पाच दिवसांच्या जेवणाचा एक तृतीयांश खर्च त्या एका दुपारचा आहे. तेव्हा शनिवारी रात्री किंवा रविवारी पोचणारं तिकीट काढताना हे डोक्यात ठेवा.

बाहेर खायची हौस असेल तर एकदाच, ती पण रस्त्यावर. मुख्य चौकात 'राकेटन' नावाची एक इवलीशी टपरी आहे, १९११ सालची. सॉसेज मिळतं. मी शाकाहारी नाही, त्यामुळे खाल्लं.

कधी जायचं

नाताळ ते नवीन वर्ष विसरून जा. सगळ्यात महाग आणि सगळ्यात गर्दी. फेब्रुवारीच्या मध्यात युरोपातल्या शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हाही भाव चढतात. आणि मार्चच्या सुरुवातीला तिथल्या स्थानिक शाळांची हिवाळी सुट्टी येते. आम्ही या दोन्हींच्या मधल्या फटीत गेलो.

फेब्रुवारी-मार्च मला यासाठी आवडतो की दिवसा उजेड असतो. दिवसा फुकट हिंडता येतं, रात्री आकाश बघता येतं. ऐन काळोख्या दिवसांत गेलात तर दुपारी करायला फारसं काही उरत नाही, मग माणूस कॅफेत बसतो, म्युझियमची तिकिटं काढतो, म्हणजे खर्च.

ज्यांना बर्फाचा हट्ट नाही, फक्त नॉर्दर्न लाइट्स बघायचेत, त्यांनी सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबर बघावा. रात्री पुरेशी काळोखी झालेली असते आणि राहण्याचे भाव हिवाळ्यापेक्षा उतरलेले असतात. फक्त "हिवाळी सहल" म्हणून मिरवता येणार नाही.

विमानाचं एकच सांगते. मुंबई ते ट्रॉम्सो एकाच तिकिटावर घ्या, मध्ये ऑस्लो किंवा हेलसिंकी किंवा फ्रँकफर्ट काहीही असो. ऑस्लोपर्यंत एक आणि पुढचं दुसऱ्या कंपनीचं वेगळं तिकीट काढलं तर कधीकधी पाच-सहा हजार वाचतात. पण हिवाळ्यात पहिलं विमान बर्फामुळे तीन तास उशिरा आलं, तर दुसरी कंपनी तुमची वाट बघत नाही आणि पैसेही देत नाही. लंडनमार्गे स्वस्त दिसलं तर थांबा. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते आधी तपासा.

शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, वर अर्ज केंद्राचे वेगळे पैसे. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. तो घेताना सगळ्यात स्वस्त उचलू नका, बर्फावरचे खेळ त्यात धरलेत का ते वाचा. आम्ही वाचलं नव्हतं. नशीब, लागलं नाही.

आता नॉर्दर्न लाइट्स

यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण आमचे पैसे इथेच बुडाले आणि इथेच वसूलही झाले.

आधी थोडं विज्ञान, एकच मिनिट. सूर्याकडून विद्युतभारित कण येतात, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना ध्रुवांकडे वळवतं, आणि वर वातावरणातल्या ऑक्सिजनवर ते आदळले की हिरवा प्रकाश दिसतो. हे सगळं जमिनीपासून शंभर किलोमीटर आणि त्याहून वर घडतं. ढग फार तर दहा-बारा किलोमीटर उंच. म्हणजे वर कितीही दिवाळी चालू असली तरी मध्ये ढग असेल तर तुम्हाला काहीही दिसणार नाही.

सगळे ॲपवर केपी नावाचा आकडा बघत बसतात. शून्य ते नऊ. "आज केपी दोनच आहे, कशाला जायचं?" असं म्हणून झोपतात. ट्रॉम्सो ज्या पट्ट्यात आहे तिथे केपी एक-दोन असतानाही लाइट्स दिसतात. तिथे आकडा नाही, ढग बघायचे. त्यासाठी नॉर्वेच्या हवामान खात्याचं ॲप आहे, नाव 'यर', इंग्रजी वाय आणि आर ही दोनच अक्षरं. फुकट आहे. तासातासाचे ढग दाखवतं. तेच वापरा.

आम्ही काय केलं? पुण्यात बसून, दोन महिने आधी, रविवार रात्रीची एक मोठ्या बसची टूर बुक केली. माणशी अकराशे क्रोनर. सगळ्यात स्वस्त होती ना. त्या रात्री बाहेर बर्फ पडत होता. पन्नास माणसांची बस, तीन ठरलेल्या जागा, तिन्ही जागी ढग. एका जागी गरम चॉकलेट दिलं. रात्री एकला परत सोडलं. लाइट्स दिसले नाहीत तर पैसे परत नाहीत, हे अटींमध्ये लिहिलेलं होतंच, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. माणशी दहा हजार रुपये! मैत्रीण परत येताना बसमध्ये एक शब्द बोलली नाही. मला माहीत होतं ती आरडीचे हप्ते मोजतेय.

सोमवारीही ढग. मंगळवारी दुपारी यरवर बघितलं तर रात्री आठ ते अकरा आकाश मोकळं दाखवत होतं, शहरावरच. आम्ही कुठलीही टूर घेतली नाही. शहराच्या मधोमध, बेटाच्या माथ्यावर, प्रेस्टवानेट नावाचं एक तळं आहे. मध्यवस्तीतून चढ चढत चालत अर्धा तास. दिवे कमी, झाडं आजूबाजूला. थर्मास घेऊन गेलो. साडेनऊपर्यंत काही नाही. मग उत्तरेकडे एक करडा पट्टा दिसला, आम्हाला वाटलं ढगच आहे. मैत्रिणीने फोन धरला तर स्क्रीनवर हिरवा! फिकट असला की डोळ्यांना तो करडाच दिसतो, कॅमेऱ्याला आधी रंग कळतो. पाच मिनिटांनी तो पट्टा हलायला लागला, आणि मग कॅमेऱ्याची गरजच उरली नाही.

खर्च शून्य. म्हणजे चहाचा जो काय असेल तो.

अशीच दुसरी जागा म्हणजे तेलेग्राफबुक्ता, बेटाच्या दक्षिणेकडचा किनारा. सिटी बसने जाता येतं.

मग टूर घ्यायचीच नाही का? घ्यायची. पण कधी, हे महत्त्वाचं. आकाश मोकळं असेल त्या रात्री टूर घेऊन तुम्ही काय विकत घेता? जे डोक्यावर फुकट आहे तेच. शहरावर ढग असतील त्या रात्री मात्र तुम्ही एका माणसाचं ज्ञान विकत घेता. ढगांना भोक कुठे आहे हे त्याला माहीत असतं आणि बर्फाळ रस्त्यावरून रात्री दीडशे किलोमीटर गाडी न्यायची त्याची सवय असते. बुधवारी आम्ही तेच केलं. सकाळी अंदाज बघितला, शहरात ढग, आत डोंगरापलीकडे मोकळं. छोट्या व्हॅनमध्ये दोन जागा मिळाल्या, माणशी १७०० क्रोनर. गाइडने आम्हाला शिबोतनच्या बाजूला नेलं, फिनलंडच्या सीमेकडे. तो भाग डोंगरांच्या आड असल्यामुळे कोरडा असतो, किनाऱ्यावर ढग अडले तरी तिकडे आकाश उघडं सापडू शकतं. उणे अठरा होतं. त्यांनी अंगावर घालायला जाड सूट दिले. दोन तास आकाश पेटलेलं होतं. मैत्रीण रडली. मी नाही, मी फोटो काढत होते, आता वाटतं थोडे कमी काढायला हवे होते.

ऐन गर्दीच्या आठवड्यात आदल्या दिवशी जागा मिळेलच असं नाही, हा धोका आहे. तो मान्य करूनच सांगतेय. ज्यांची धोका पत्करायची तयारी नाही त्यांनी छोटी, ढगांचा पाठलाग करणारी टूरच आधी बुक करावी, आणि शक्यतो रद्द करता येणारी. ठरलेल्या तीन जागांची मोठी बस नको.

फोनचं एक राहिलं. नाइट मोड लावा, फोन हातात न धरता दगडावर किंवा पिशवीवर टेकवा. आणि थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, त्यामुळे फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा.

जिथे हात आखडता घेऊ नये

ट्रॉम्सोत एक केबल कार आहे, समोरच्या डोंगरावर ४२१ मीटर उंचीवर नेते. तिकीट काही शे क्रोनर. त्याच डोंगरावर दगडी पायऱ्याही आहेत, बाराशे पायऱ्या, नेपाळच्या शेर्पांनी बांधलेल्या. आम्ही म्हटलं, सिंहगड दर पंधरा दिवसांनी चढतो आपण, तिकिटाचे पैसे वाचले! निघालो.

पायथ्याशी कुत्रा फिरवणाऱ्या एक बाई भेटल्या. त्यांनी आमच्या बुटांकडे बघितलं. मग विचारलं, वर जाताय? हो म्हटल्यावर शांतपणे म्हणाल्या, पायऱ्या बर्फाखाली आहेत, कठडा दिसणार नाही, आणि आज हिमस्खलनाचा इशारा तीन आहे. मग त्यांनी आपल्या फोनवर 'वार्सोम' उघडून दाखवलं. ही नॉर्वेची सरकारी इशारा देणारी सेवा, हिमस्खलनाचा धोका एक ते पाच अशा पातळ्यांत रोज सांगते. तीन हा आकडा ऐकायला मधला वाटतो. पण तीनला माणसं मरतात, असं त्या म्हणाल्या.

आम्ही परत फिरलो. दोन दिवस त्याच विचाराने मला कसंतरी होत होतं. आपण तिकिटाचे तीन-चार हजार वाचवायला निघालो होतो, आणि ती बाई दहा मिनिटं उशिरा कुत्रा घेऊन आली असती तर?

सह्याद्रीतला अनुभव बर्फात कामाला येत नाही. सपाट वाटांवर मनसोक्त चाला. तिथल्या कायद्याने कुणालाही मोकळ्या रानातून पायी हिंडायचा हक्क आहे, तिकीट नाही की परवानगी नाही. पण उताराच्या खाली किंवा वर जायचं असेल तर वार्सोम बघा, नाहीतर केबल कारचे पैसे द्या.

तसंच बुटांना लावायचे काटे. 'ब्रोडर' म्हणतात, रबराची पट्टी आणि खाली लोखंडी दात. दीडशे-दोनशे क्रोनरला मिळतात. ट्रॉम्सोचे रस्ते मधूनच वितळतात आणि परत गोठतात, म्हणजे काचच. तिथल्या आज्या ते लावून तुरुतुरु चालतात आणि आपण खांबाला धरून उभे. पहिल्याच दिवशी घ्या.

कपडे इथूनच न्या, पण एक कळीची गोष्ट: अंगालगत सुती काही नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग तोच घाम गार पडतो. आत लोकरीचं किंवा चांगलं थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. मोठं महागडं जॅकेट फक्त पाच दिवसांसाठी विकत घेऊ नका, कुणाकडून तरी मागून न्या. माझं जॅकेट मावसभावाचं होतं, बाह्या चार बोटं लांब. फोटोत कळत नाही.

किरकोळ, पण साठणारं

विमानतळावरून शहरात जायला टॅक्सी घेऊ नका, एक्स्प्रेस बसही नको. साधी सिटी बस जाते. 'स्विपर' ॲपवर तिकीट काढा, ड्रायव्हरकडे काढलं तर जास्त पडतं.

रोख रक्कम जवळजवळ लागत नाही, आम्ही एकही नोट हाताळली नाही. कार्ड मशीन कधी विचारतं, रुपयांत देणार की क्रोनरमध्ये? नेहमी क्रोनर. रुपये निवडले की ते आपला भाव लावतात. आणि जाण्याआधी आपल्या कार्डावर परदेशी व्यवहाराला किती टक्के लागतात ते बघा, काहींना साडेतीन टक्क्यांपर्यंत लागतात.

कुत्र्यांच्या स्लेजचं बरेच जण विचारतात. दोन हजार क्रोनरच्या वर आहे, आम्ही नाही केलं. व्हेल बघायच्या बोटी नोव्हेंबर ते जानेवारीत असतात आणि हल्ली व्हेल शेर्व्हयच्या बाजूला जास्त दिसतात, ट्रॉम्सोपासून बरेच तास. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर मला विचारू नका, मला कुत्रे आवडतात.

फुकटातलं सांगते. ट्रॉम्सोचा पूल, एक किलोमीटरहून थोडा लांब, चालत पार करा, पलीकडे १९६५ सालचं ते त्रिकोणी पांढरं आर्क्टिक कॅथेड्रल. आत जायला तिकीट आहे, बाहेरून बघायला नाही, आणि खरी शोभा बाहेरूनच. शहराचं वाचनालय मोठ्या काचांचं आहे, उबदार आहे, कुणी हटकत नाही. पाय गारठले की आम्ही तिथे. ६ फेब्रुवारी हा सामी लोकांचा राष्ट्रीय दिवस. त्या आठवड्यात गेलात तर मुख्य रस्त्यावर रेनडियरच्या शर्यती होतात, आणि त्या रस्त्यावर उभं राहून बघता येतात. आमच्या तारखा थोडक्यात हुकल्या.

बरं, एक प्रश्न वारंवार येतोय, की ट्रॉम्सोऐवजी स्वीडनमधलं अबिस्को स्वस्त पडेल का? तिथे स्टॉकहोमहून रात्रीच्या ट्रेनने जाता येतं, डोंगरांमुळे आकाश बऱ्याचदा मोकळं असतं, आणि किचन असलेलं वसतिगृह आहे. ज्यांना फक्त आकाश हवंय, शहर नको, त्यांच्यासाठी छान. पण गाव अगदी चिमुकलं आहे, दिवसभर काय करणार हा विचार करून जा.

तुमचे प्रश्न पाठवा, व्हिसाचे कागद कसे लावले यावर वेगळा भाग करावा का तेही सांगा. मैत्रीण विचारतेय की तिचं नाव का घेतलं नाही. तिनेच नको म्हटलं होतं. चला, भेटू पुढच्या गुरुवारी.